धक्क्यावरची रांग

आराखडा तिसऱ्यांदा बदलल्यावर इंगविलने पेन्सिल खाली ठेवली आणि दिग्दर्शकाला विचारले, की हा चित्रपट बेटावर घडतो की बोटीवर.

श्यूर हसला. "बेटावर. पण बेटावर बोटीनेच जावं लागतं ना, बाईसाहेब."

पदवीचा लघुपट होता. श्यूर दिग्दर्शक, इंगविल व्यवस्थापक. विद्यालयाने कॅमेरा याच आठवड्यापुरता दिला होता. शुक्रवारपर्यंत शेवटचा प्रसंग चित्रित झाला नाही, तर इंगविलची पदवी हातची जाणार होती. दुसऱ्या संधीची तरतूद नियमांत नव्हती, आणि नॉर्वेत देवाशी हुज्जत घालता येते, नियमाशी नाही.

तिचा पहिला आराखडा सरळ होता. दोन व्हॅन, सोमवारी एक फेरी, मुक्काम हेस्तोय बेटावरच्या प्रार्थनागृहात, शुक्रवारी परत. श्यूर त्याच बेटाचा. त्याने आराखडा आदरपूर्वक वाचला आणि आदरपूर्वक मोडीत काढला. नटांनी राहावे अलीकडच्या किनाऱ्यावर. प्रार्थनागृहात थंडी असते. दिवे एका गाडीत, ध्वनियंत्रे दुसरीत, कपडे तिसरीत; एकत्र ठेवले की ओल धरते. दुपारी माशाचे सूप प्यायलाही सर्वांनी अलीकडेच यावे. बेटावरचे बेचव असते. प्रत्येक मागणीला कारण होते. सगळी कारणे शेजारी शेजारी मांडली, की मात्र अर्थ नाहीसा होत असे.

बेटकऱ्यांनी न मागता गाड्या दिल्या, चालवायलाही स्वतः आले. शेजाऱ्याला शिडी देण्याआधी चार दिवस विचार करणारी ही माणसे कलेसाठी डिझेल जाळू लागली. इंगविलला काही उमजेना.

बोटीत आठ गाड्या मावत. पहिल्याच सकाळी पाच मागे राहिल्या. नायिका पलीकडे पोचली, तिचे बूट अलीकडे. इंगविलने तक्रार केली. श्यूरने सहानुभूतीने मान डोलावली आणि आणखी दोन गाड्या मागवल्या. बुधवारपर्यंत चित्रण निम्म्यावर रेंगाळले होते, आणि आराखड्यातला दोष तिला अजून सापडत नव्हता.

त्या गोंधळात सुखी असा एकच माणूस होता: बोटीचा कप्तान टोराल्फ. तो श्यूरचा काका; आईवडिलांमागे त्यानेच श्यूरला वाढवले होते. गुरुवारी त्याने इंगविलला केबिनमध्ये बोलावले, कॉफी ओतली आणि तपकिरी चीज घातलेला वॉफल पुढे सरकवला.

"तोंड का पाडलंयस, पोरी? धक्क्यावर अशी रांग मी कित्येक वर्षांत पाहिली नाही."

"तुमच्या या रांगेत माझा चित्रपट बुडतोय."

टोराल्फने काचेतून खाली बोट दाखवले. भगवे जाकीट घातलेली एक बाई पावसात उभी राहून हातातल्या यंत्राची कळ दाबत होती. रस्ते खात्याची कर्मचारी, तो म्हणाला. हा गाड्यांच्या मोजणीचा आठवडा. बोटीला गिऱ्हाईक नाही म्हणून ती काढून घेतील, ही धास्ती त्याला वर्षभर खात होती.

"बोट गेली तर मी कोण? बाकावर बसून समुद्र बघणारा म्हातारा." त्याने कप पुसला, मग पुन्हा पुसला. "पोरगं तोंडानं बोलत नाही. पण काकाची बोट राखतंय. मला कळतं ते."

इंगविलला आधी संताप आला, मग संतापाची लाज वाटली. चार दिवसांचा सगळा वेडेपणा एका क्षणात शहाणा झाला होता.

शेवटचा प्रसंग लग्नाच्या मिरवणुकीचा होता. त्यासाठी सगळी माणसे आणि सगळ्या गाड्या शुक्रवारभर बेटावर थांबवाव्या लागणार होत्या. शुक्रवारी ऊन पडले. असा प्रकाश त्या किनाऱ्यावर क्वचितच मिळतो. इंगविलने कॅमेऱ्याची पेटी बंद केली आणि चालकांना धक्क्यावर परतायला सांगितले.

"आणि मिरवणूक?" नायिकेने विचारले.

"गाडीत बस."

तिने दिवसभर गाड्या फिरवल्या. इतका निर्दोष आराखडा तिने आयुष्यात आखला नव्हता. एकही फेरी रिकामी गेली नाही. प्रत्येक वेळी मागे रांग उरलीच. दर फेरीला टोराल्फ भोंगा वाजवी.

संध्याकाळी भगव्या जाकिटातली बाई सामान आवरू लागली. इंगविलला राहवले नाही. बऱ्याच गाड्या गेल्या असतील ना पलीकडे, तिने विचारले.

"गेलेल्यांचं मला काय?" बाई म्हणाली. "मी मागे राहिलेल्या मोजते. बोट पुरत नाही हे दिसलं, की पूल मंजूर. या बेटाचं काम झालं म्हणायचं."

तिच्यामागे बेटकरी एकमेकांचे हात हातात घेत होते. बोटीवरून टोराल्फने टोपी हलवली. श्यूरने हात उंच करून त्याला उत्तर दिले, आणि हात खाली न घेताच तो इंगविलला हळू आवाजात म्हणाला, "काकाला एवढ्यात सांगू नकोस."