विलायतेचं उत्तर

शाहू महाराजांच्या राज्यातली गोष्ट. शाहूपुरीतल्या दौलतरावाला विलायतेला शिकायला जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि दर महिन्याच्या पत्रात त्याची एकच रड असायची, 'अभ्यासाला वेळ मिळत नाही.' घरात मागं शिकलेलं कुणी नव्हतं, म्हणून शाळेतले मास्तर पुढच्या सोप्यात बसून पत्र वाचायचे, आणि दौलतरावाच्या वडलांना कमी ऐकू यायचं म्हणून दोन-दोनदा मोठ्यानं वाचायचे. त्याची आई डोळ्याला पदर लावायची. दौलतरावाची बायको बाळाबाई दाराआडून ऐकायची आणि पत्र जपून ठेवायला म्हणून चुलीकडं घेऊन जायची. पहाटेचं दळण, दोन म्हशींच्या धारा, पंधरा माणसांच्या भाकऱ्या, सगळं तिच्याच अंगावर होतं.

यंदा तो पुन्हा नापास झाल्याचं पत्र आलं. मास्तर उत्तर लिहायला बसले, तशी सासऱ्यांनी हाक मारली, "सूनबाई, तुला काय सांगायचं हाय काय?"

"हाय की. पर मास्तर, ती दौत इकडं द्या. माझं मी लिहिते."

सासूबाई कडाडल्या, "तुला कुठलं गं लिहाय येतंय? कुणी शिकिवलं?"

बाळाबाईनं पदर खोचला, टाक उचलला आणि सगळ्यांदेखत लिहिलं,

'मला तुम्हीच शिकवलंत. भाकरी भाजता भाजता तुमच्या पत्रावर बोट ठेवून मी चुलीच्या राखेत अक्षरं गिरवली, आणि दर पत्रात असायचं म्हणून सगळ्यात आधी लिहायला आलं ते "वेळ मिळत नाही".'