चौथं क्रियापद

टेबलावर ठेवलेल्या दाबमापकाचा, म्हणजे गेजचा, काटा शून्यावर नव्हता. शून्याच्या मागे होता, साधारण दोन रेघांइतका. त्याला आता ना नळी जोडलेली होती ना वाफ, तरी तो तिथेच अडून बसला होता. म्हणजे यंत्रात दोन रेघांची वाफ शिल्लक असली, तरी हा शून्यच दाखवणार. आणि दार उघडणारा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवणार. पर्यवेक्षक बाईंनी हे गणित गेल्या नऊ दिवसांत किती वेळा केलं, त्याला मोजदाद नव्हती. काटा तपासायला अर्धा तास पुरला असता.

दार उघडणारा माणूस समोरच बसला होता. प्रयोगशाळेचं काचसामान वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करण्यात त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती, म्हणून सगळे त्यांना वाफेमामा म्हणत. त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. अंगठे तेवढे मोकळे.

अपघाताचा अहवाल बाईंनी लिहायचा होता, मुख्य कार्यालयासाठी, इंग्रजीत. खाली मामांची सही लागणार होती.

"हा तिसरा मसुदा," प्रयोगशाळेच्या साहेबांनी कागद बाईंच्या पुढ्यात सरकवला. "पहिल्यात काय लिहिलंत? ऑपरेटर 'टॉक्ड' अबाउट द गेज. मामा काय गेजबद्दल गप्पा छाटत बसले होते? दुसऱ्यात 'स्पोक'. जसं काही भाषणच ठोकलं. आता 'सेड'. बाई, तुमचे शोधनिबंध इंग्रजीत छापून येतात ना? ते कोण लिहून देतं?"

इंग्रजीत बाईंचं कधी काही अडलं नव्हतं, हे साहेबांनाही माहीत होतं.

"'सेड'ला ऐकणारा नसला तरी चालतं. 'टोल्ड'ला ऐकणारा लागतो. घरी मी बोलतो ते सगळं 'सेड', आणि आमची ही बोलते ते 'टोल्ड'." ह्यावर ते एकटेच हसले. मग आवाज चढला. "मुख्य कार्यालयाचा प्रश्न एवढाच आहे, की गेज बिघडल्याचं ह्यांनी कळवलं होतं का. बोला मामा."

"सांगितलं होतं."

"अहो, पण कुणाला? भिंतीला?"

मामांनी साहेबांकडे पाहिलं नाही. बाईंकडेही नाही. काट्याकडे बघत ते म्हणाले, "ज्याला सांगितलं त्याला ठाऊक आहे. माझ्या तोंडून नाव निघायचं नाही. चुगल्या करून नोकरी टिकवणारा मी नव्हे."

"मग जाऊ दे नोकरी." साहेबांनी लाल पेनाने ते वाक्य आडवं खोडलं. "ऐकणारा नाही, तर वाक्यही नाही. निष्काळजीपणे दार उघडलं, एवढंच जाईल वर. उद्यापासून यायचं नाही. द्या इथे अंगठा."

शाईचा पॅड मामांपुढे आला. त्यांनी तो कोपराने परत ढकलला.

"मला सही येते."

"आधी हात बघा स्वतःचे!"

"नऊ दिवस तेच बघतोय. एकोणतीस वर्षं हजेरीला सही केली, आता अंगठेबहाद्दर होऊन बाहेर पडणार नाही."

त्यांनी पेन दोन अंगठ्यांच्या चिमटीत धरलं. टोक कागदाला टेकलं, एक वाकडी रेघ उमटली, आणि पेन निसटलं. टेबलावरून गडगडत ते खाली पडलं आणि बाईंच्या चपलेशी येऊन थांबलं.

बाई उचलायला वाकल्या.

"राहू द्या," मामा म्हणाले. नऊ दिवसांत ते बाईंशी पहिल्यांदाच बोलत होते. "उद्या उचला."

बाई वाकलेल्याच राहिल्या. मग त्यांनी पेन उचललं, पण मामांना दिलं नाही. कागद स्वतःकडे ओढला आणि लाल रेघेखालचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. वाक्य सोपं होतं. शाळेतली मुलगीसुद्धा चुकली नसती.

"आता काय चौथा मसुदा?" साहेब खेकसले.

"नाही सर. ह्यातच लिहा, 'टोल्ड'."

"म्हणजे ऐकणारा आहे?"

"आहे," बाई म्हणाल्या. "मामांनी मला सांगितलं होतं. जिन्यात, आदल्या दिवशी. मी म्हणाले, उद्या बघते."