थर्माकोलची कमान

रिक्षावाल्याने रिकामं खोकं विहाराच्या पायरीवर ठेवलं. मागोमाग सावळीराम उतरला, कॉम्प्युटरचा बंद पडलेला पडदा तान्ह्या पोरासारखा पोटाशी धरून. कारखान्यात सगळे त्या पडद्याला टीव्हीच म्हणत.

आत बायका बुद्धपौर्णिमेच्या तयारीत होत्या. त्याची आई, धोंडाबाई, मेणबत्त्या मांडत होती. समोर थर्माकोलच्या कमानीत, कमळावर, बुद्धांची मूर्ती बसली होती. कमान आणि कमळ दोन्ही तिनेच केलं होतं, तापलेल्या सुईने नक्षी कोरत. संध्याकाळी सगळी वस्ती ते बघायला येणार होती.

सावळीराम दारातच रडायच्या बेतात होता. ते थर्माकोल कारखान्यातलं. नव्या कॉम्प्युटरच्या खोक्यातून निघालं, कोणाच्या कामाचं नाही असं समजून त्याने घरी आणलं. स्टोअर सांभाळणारा माणूस, एवढी अक्कल हवी होती! आता टीव्ही बंद पडला, आणि कॉम्प्युटरची कंपनी म्हणत होती, आमच्याच थर्माकोलात घालून पाठवा, नाहीतर गॅरंटी विसरा. आजच्या ट्रकने खोकं गेलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस, असं साहेबांनी बजावलं होतं. गवत झालं, चिंध्या झाल्या, जुनी उशीही कोंबून झाली. खोकं हलवलं की टीव्ही आत आपटायचाच.

हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. बायकांमधली यशोदाबाई म्हणाली, कार्यक्रम होऊ दे, मग ने. पण ट्रक तोवर थांबणार नव्हता.

"आई, मी दुसरी कमान आणून देईन," तो कसाबसा म्हणाला. कुठून, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

धोंडाबाई उठली. पदराने फरशी पुसली, मूर्ती दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवली आणि कमानीचे दोन्ही भाग सोडवून दिले. टीव्ही त्यांच्या मधल्या पोकळीत अचूक बसला. तिथे तिने सुई लावलीच नव्हती. पण बाहेरच्या नक्षीत इतकं कोरून निघालं होतं की खोक्यात चारी बाजूंनी फटी राहिल्या. सावळीरामने खोकं हलवलं. आत खडखडलं.

आता कमळ तेवढं उरलं होतं. धोंडाबाईने ते ओढून घेतलं, एकेक पाकळी मोडली आणि फटीत दाबून बसवत गेली.

खोकं हलवलं तरी आता आवाज येत नव्हता. सुतळी बांधून झाली. बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता, तरी सावळीरामचा पाय निघेना. फरशीवरच्या मूर्तीकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

"जा आता," धोंडाबाई म्हणाली. "त्यांना भुईवर बसायची सवय हाय. तुझ्या मशिनीला नाय."