अकरा वेळा 'केअर'

अकरावा 'केअर' आला तसं गाएताँनं लाल पेन टेबलावर आपटलं.

दहा वेळा तो शब्द येऊन गेला होता आणि दहाही वेळा ऑफिसातल्या नव्या पोरीनं तो अचूक पकडला होता. मॉन्ट्रियलमधल्या एका वृद्धनिवासाचं माहितीपत्रक. मूळ इंग्रजी, त्याचं फ्रेंच करायचं. इंग्रजांचं बरं असतं. औषधपाणी म्हणजे केअर, चिंता म्हणजे केअर, जीव लावणं म्हणजे केअर, जपून जा म्हणायचं तरी केअर आणि गेलात उडत म्हणायचं तरी त्यातही केअर. फ्रेंचमध्ये प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द शोधावा लागतो. चुकीचा बसला, की आजीला जीव लावायचा सोडून इंजेक्शनच टोचलं जातं.

आनूकनं कुठंही इंजेक्शन टोचलं नव्हतं.

तिला या भाषांतराच्या ऑफिसात येऊन सहा महिने झाले होते. विद्यापीठाची पदवी घेऊन आली होती आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना हसवायची. गाएताँ छापखान्यात शाई पुसता पुसता भाषा शिकला होता. एकोणीस वर्षांत त्याच्या एकाही ओळीला कुणी वा म्हटलं नव्हतं. हिनं अग्निशामक यंत्रावरची सूचना नीट लिहिली, तर मालकीण सोलांज केक घेऊन आली.

आणि हे माहितीपत्रक खरं तर त्याचं होतं. निवासाचं सगळं काम तोच करायचा. दारावरची पाटीही त्याचीच होती, 'आम्ही तुमची देखभाल करतो.' यंदा निवासानं कळवलं, पाटी बदला, मोटारीच्या गॅरेजसारखी वाटते. सोलांजनं फाइल आनूकला दिली आणि तिचं भाषांतर तपासायला गाएताँकडे.

"एकही लाल खूण न होता फाइल परत आली, तर सोमवारपासून ती स्वतःच्या सहीनं काम पाठवेल," सोलांज म्हणाली होती. "निवासाचं कामही तिच्याकडेच. तुझ्या डोक्याचा ताप कमी."

"मी कुठं तक्रार केली?"

"तू तोंड कुठं उघडतोस? तुझा चेहराच दिवसभर तक्रार करत असतो."

म्हणून सकाळपासून तो चूक शोधत होता. एक, फक्त एक. स्वल्पविराम मोजून झाले. दोन जाडजूड शब्दकोश उलटेपालटे करून झाले. खिडकीबाहेर बर्फ ढकलणारी गाडी तीनदा गेली, तिला निदान काहीतरी सापडत होतं.

आता उरली होती पाटी, अकरावा केअर. इंग्रजीत दोन शब्द, आम्ही आणि केअर. काम हातातून गेलं तरी त्यानं घरी वहीची चार पानं या पाटीपायी खरडली होती. आस्था, आपुलकी, सेवाभाव, सगळे जाडे जाडे शब्द लावून पाहिले. एकेक शब्द निवडणुकीला उभा राहिल्यासारखा दिसत होता.

आनूकनं त्या केअरला हातच लावला नव्हता. तीन इवलेसे फ्रेंच शब्द लिहिले होते. 'आम्ही आहोत ना.'

गाएताँनं ती ओळ दोनदा वाचली. वडील गेले त्या आठवड्यात त्यांच्या उशाशी बसून तो स्वतः दुसरं काहीच बोलला नव्हता. मी आहे ना, पप्पा. मी आहे ना. शब्द त्याच्याच तोंडातले. आणि लिहिले हिनं.

"मोस्यू गाएताँ, किती रक्त सांडलंत माझं?"

आनूक हातात कॉफीचा मग घेऊन उभी होती. बर्फातले बूट दाराशी काढलेले, पायात लाल लोकरी मोजे.

"मोस्यू म्हणू नकोस. मी तुझा दाताचा डॉक्टर नाही."

"दुखतं मात्र तेवढंच." ती हसली आणि मग हसणं आवरून वाकली. "त्या पाटीची मला धास्ती आहे हो. फार साधं झालंय का?"

"फारच."

तिचा चेहरा उतरला. गाएताँला ते आवडलं. स्वतःची लाजही वाटली, पण आवडलंच.

"मग कापा," ती म्हणाली. "तुम्ही कापलंत म्हणजे काहीतरी कारण असणारच."

ती गेली आणि त्यानं कापलं. तीन शब्दांवरून एक सरळ लाल रेघ. वर लिहिलं, 'आम्ही आपली काळजी घेतो.'

आता पानाच्या कडेचा समास.

कापलं की समोरच्या समासात कारण लिहायचं, स्वतःच्या अक्षरात, खाली सही, आणि पान आधी भाषांतर करणाऱ्याच्या हातात द्यायचं, मग मालकिणीच्या. या ऑफिसचा हा नियम होता आणि तो गाएताँनंच भांडून आणला होता. तो नवा असताना एक डिग्रीवाला त्याची वाक्यं न बोलता छाटायचा. छापखान्यातल्या पोराला कसलं कारण द्यायचं?

व्याकरण? निर्दोष होतं. अर्थ? सगळाच्या सगळा आला होता. पाटीला शोभत नाही? असं लिहायला पेन टेकवलं, तर वडिलांचा सुकलेला हात आठवला आणि पेन उचललं गेलं. लोकांना कळणार नाही? हे तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

त्याच्या टेबलावरची कॉफी थंड झाली. पलीकडं आनूक कुणाशीतरी फोनवर बोलत होती, पण तिचं लक्ष याच टेबलाकडं होतं.

शेवटी त्यानं लिहिलं. खाली पूर्ण नावानं सही केली, नेहमीसारखी आद्याक्षरं नाहीत. पान तिच्या टेबलावर पालथं ठेवलं आणि तिच्याकडं न बघता बूट घालायला गेला.

आनूकनं पान उलटलं. समासात होतं, "कारण : हे मला सुचलं नाही."