तडे

टेबलावरच्या लुटुपुटूच्या लढायांसाठी तो फोमचे पडके किल्ले बनवायचा. फोमवर खरा दगड दाबून खडबडीतपणा आणायचा, सुरीने तडे पाडायचा, रंगाने शेवाळ चढवायचा. आठवडाभर मान मोडून एक किल्ला पुरा झाला, तेव्हा गिऱ्हाईक यायच्या आत जरा पाठ टेकावी म्हणून तो दुपारी आडवा झाला.

उठला तर बाबा हात धूत होते. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, हल्ली दिवसदिवस खिडकीशी बसून असायचा.

"काय रे ही भिंतीची दशा! लोक नावं ठेवतील. तुझा डोळा लागला तेवढ्यात सगळे तडे पुट्टीने बुजवून टाकले."

किल्ला आरशासारखा गुळगुळीत झाला होता.

"झकास झालंय, बाबा," तो म्हणाला...



आणि सुरी पाठीमागे धरून बाबांचा डोळा लागायची वाट बघत बसला.