ठरवायचं कुणी

"दांडा तुटलाय," डॉक्टर म्हणाले आणि एक्स-रेवर पेन टेकवलं. पाठीच्या मधोमध एक पांढरी रेघ. मध्येच सुटलेली.

"मग आता?"

"बदलता येईल. दुखणं बरंच कमी होईल. पण मणक्याला पुन्हा हात लावायचा म्हणजे पायांना धोका. थोडाच असतो, पण असतो. नाही केलं तर असंच चालेल, हळूहळू अजून कलेल. मी दोन्ही सांगितलं. ठरवा तुम्ही."

तो एकतीस वर्षांचा. सलून चालवतो. जन्मतःच मणक्यातलं एक हाड अर्धं होतं, तिसऱ्या वर्षी ऑपरेशन करून पाठीत धातूचा दांडा बसवला. पुढे पाय वाढले, धड तेवढं मागे राहिलं. बसला की शाळकरी, उठला की बाप्या, अशी दुकानात थट्टा चालायची. हा एकटाच माणूस कुणापुढे वाकत नाही, असंही गिऱ्हाईक म्हणायचं. वाकता येतच नव्हतं, म्हणून तो खुर्ची वर घ्यायचा. दिवस निभायचा. संध्याकाळी पाठीचं लाकूड व्हायचं, आणि घरी गेला की तो वडिलांवर डाफरायचा. कारण ऑपरेशनच्या कागदावर सही वडिलांची होती.

तो आणि वडील बाहेर बाकावर येऊन बसले.

"तेव्हा डॉक्टर म्हणाले आणि तुम्ही दिली सही ठोकून," तो म्हणाला. त्यात रागही उरला नव्हता, नुसती सवय. "विचार तरी केला होता का?"

वडिलांनी एक्स-रेचं पाकीट मांडीवर सारखं केलं.

दार उघडून नर्स डोकावली. "काय ठरलं तुमचं? डॉक्टर निघतील आता."

त्याने वडिलांकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा, बाबा. मला काही सुधरत नाही. पाय गेले तर दुकान गेलं. नाही केलं तर ही पाठ आहेच. थकलो मी."

"तेव्हाही डॉक्टरांनी दोन्ही सांगितलं होतं," वडील म्हणाले. "ठरवा म्हणाले. तुझी आई नुसती रडत होती. मी तुला घेऊन बाहेर येऊन बसलो. तू मांडीवर झोपून गेलास."

"मग कुणाला तरी विचारायचं ना."

"कुणाला?"

नर्स दारातच उभी होती.

"बाबा, तेव्हा तुमचं वय काय होतं?"

"तेवीस."