सासूले कसं न्याल?
कैलाशनं जुन्या मिनीबसमध्ये पलंग, ओटा अन् पंखा बसवून चाकांवरचं घर केलं. लकवा मारल्यापासून अंथरुणात असलेल्या त्याच्या आईला, बेबीबाईला, एकदा पुरीचा समुद्र पाहायचा होता. वाटेत गाडी बिघडली तर मदतीला येणारी कंपनी कोणती घ्यायची, हे त्याची बायको रुपा ठरवणार होती. पवनीच्या घरातून ती एकेका कंपनीला फोन लावून एकच विचारायची, "गाडी तर उचलून न्याल, पण आत झोपलेल्या माझ्या सासूले कसं न्याल?" कोणी म्हणालं, "काळजीच करू नका, मॅडम." कोणी म्हणालं, "प्रवाशांचं तुम्हीच पाहा." एक मुलगी मात्र म्हणाली, "मला माहीत नाही. विचारून सांगते." संध्याकाळी तिचा फोन आला. गाडीसाठी मोठी क्रेन येईल आणि सोबत स्ट्रेचरवाली अ‍ॅम्ब्युलन्सही येईल, असं तिनं सांगितलं. कैलाश कुरकुरला, "जिले माहीतच नव्हतं, तिच्यावर काहून भरोसा करतेस?" रुपा म्हणाली, "माहीत नव्हतं, तर तसं सांगितलं तिनं. मले असंच माणूस पाहिजे." पहिल्याच दुपारी लाखनीजवळ, ट्रकांच्या वर्दळीत, गाडीचा क्लच गेला. रुपानं फोन केला. क्रेन आली, मागोमाग अ‍ॅम्ब्युलन्सही आली. बेबीबाईला अलगद स्ट्रेचरवर घेतलं, तोवर कैलाशचा धीर सुटला होता. "माय, परत घरी जाऊ का?" "काहून?" बेबीबाई म्हणाली. "सुनेनं सारं पाहून ठेवलं आहे. गाडी सुधरू दे, समुद्र पाहूनच येऊ." इतका वेळ भर रस्त्यात उभी राहून सगळं निभावणारी रुपा तेव्हा कुठं रडली.